राखणदाराचा वाटा फोडणीच्या आधी

माण तालुक्यातल्या एका वस्तीत आम्ही रक्तक्षयाची बैठक घ्यायला गेलो होतो. डोळ्याची खालची पापणी ओढून लाली कशी पाहायची, लोहाची गोळी चहाबरोबर का घ्यायची नाही, हा आमचा नेहमीचा विषय. बैठक संपल्यावर एक मावशी आम्हाला घराच्या मागच्या बाजूला घेऊन गेल्या. तिथे शेळ्यांच्या गोठ्याजवळ पोत्यावर त्यांचा मोत्या पडून होता. मावशी म्हणाल्या, "बाई, आमचं डोळं बघितलं, आता जरा ह्याचं पण बघा की."

आम्ही जनावरांचे डॉक्टर नाही. नर्सिंगचा डिप्लोमा केला, वॉर्डात वर्षे काढली आणि मग वस्त्यांत आरोग्याचे काम करायला लागलो, एवढेच. पण मोत्याचा ओठ वर केला तेव्हा डॉक्टर असण्याची गरज नव्हती. हिरड्या गुलाबी असायला हव्या होत्या, त्या पांढऱ्याफटक होत्या. दहा वर्षांचा कुत्रा. दाढा झिजलेल्या, मागचे पाय बारीक झालेले. तो काय खातो म्हणून विचारले. मावशी म्हणाल्या, "आता कोरडी भाकरी चावत न्हाई. म्हणून माझ्या ताटातल्या रश्शात कुस्करून घालते रोज."

म्हणजे माया होती, पण वाट चुकलेली होती. आपल्या सातारा-सांगलीकडचा रस्सा कांदा-लसूण चटणीशिवाय होत नाही, आणि कांदा व लसूण ही कुत्र्याच्या रक्ताला बाधणारी वस्तू आहे. मावशींच्या मुलाचे मत वेगळेच होते. तो म्हणाला, "म्हातारं झालंय, आता काय कामाचं? बाजारादिवशी टेम्पोत घालून लांब सोडून येतो." मावशींच्या सहा शेळ्या त्याच कुत्र्याच्या जिवावर रात्री उघड्यावर बांधलेल्या असतात.

त्या दिवसानंतर आम्ही पशुवैद्यकीय डॉक्टरांना विचारून, बसून, ही माहिती गोळा केली. आज ती या पानावर देत आहोत.

काम करणारा कुत्रा म्हणजे कोण

काम करणारा कुत्रा म्हटले की पोलिसांचा कुत्रा डोळ्यांपुढे येतो. २००८ च्या २६ नोव्हेंबरच्या मुंबई हल्ल्यात बॉम्ब शोधण्याचे काम केलेले मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर निवृत्तीनंतर विरारच्या एका फार्मवर राहिले. २०१६ या एकाच वर्षात चौघेही गेले, तेव्हा वर्तमानपत्रांनी बातम्या छापल्या. ते योग्यच झाले. पण आपल्या वस्तीतला कुत्राही कामावरच असतो. जत, आटपाडी, माण, खटावच्या माळावर लांडग्यापासून मेंढ्या-शेळ्या राखणारा. शिराळा, कराड, पाटणच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याची चाहूल लागताच घर जागे करणारा. तासगावकडे द्राक्षबागेत मालाच्या दिवसांत रात्र काढणारा. वीटभट्टीवर, ऊसतोडीच्या कोपीवर, लेकरे एकटी असताना दारात बसणारा.

त्यात काही कारवानी असतात, ज्यांना मुधोळ म्हणूनही ओळखतात. लांब पाय, खोल छाती, बारीक कंबर. मुधोळच्या राजांनी ही जात जपली आणि २००५ साली टपाल खात्याने तिचे तिकीटही काढले. बाकीचे आपले साधे गावठी. तिकीट कोणावरही असो, म्हातारपणी दोघांची गरज एकच. सरकारी कुत्र्याला निवृत्ती आहे, वस्तीतल्या कुत्र्याला ती आपणच द्यायची आहे. त्याची सुरुवात ताटापासून होते.

म्हातारपण कधी लागते

मोठ्या अंगाच्या कुत्र्याला साधारण सातव्या-आठव्या वर्षापासून म्हातारा समजावे. लहान अंगाच्या कुत्र्याला नवव्या-दहाव्या वर्षापासून. वय माहीत नसेल तर खुणा पाहाव्यात. तोंडावरचे केस पांढरे होतात. उठताना मागचे पाय लटपटतात. ऐकू कमी येते. भाकरीचा तुकडा तोंडात घेऊन परत खाली टाकतो. कण्याच्या दोन्ही बाजूंचे आणि मांडीचे मांस उतरते, पण पोट मात्र सुटलेले दिसते.

या वयात दोन प्रकारची चूक होते. धावणे कमी झाले तरी जेवण तेवढेच राहिले तर वजन वाढते आणि दुखऱ्या सांध्यांवर भार येतो. उलट, "आता काम नाही, ताक-भाकरी पुरे" असे म्हणून मांस-अंडी बंद केली तर उरलेसुरले स्नायूही झडतात. म्हाताऱ्या कुत्र्याला प्रथिने कमी लागतात ही समजूत चुकीची आहे. मूत्रपिंडाचा आजार डॉक्टरांनी तपासून सांगितला असेल तरच त्यांच्या सल्ल्याने जेवण बदलायचे. एरवी भाकरी थोडी कमी करायची, प्रथिने नाही.

हात फिरवून पाहण्याची सवय ठेवा. बरगड्या हाताला सहज लागाव्यात, पण लांबून मोजता येऊ नयेत. कारवानी मुळातच सडपातळ असतो, त्याच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसल्या तरी चिंता नको. वजनासाठी कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहा आणि आपले वजन वजा करा. महिन्यातून एकदा हा आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

त्याचा वाटा आधी काढा

आमचे सगळे सांगणे एका वाक्यात आहे: कुत्र्याचा वाटा फोडणीच्या आधी काढायचा, जेवणानंतर ताट निपटून नाही.

कांदा-लसूण कच्चे असो, शिजवलेले असो की मसाल्यात वाटलेले, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटतात. एकदाच भरपूर खाल्ले तर होतेच, पण रोज थोडे थोडे पोटात गेले तरी होते. हिरड्या पांढऱ्या पडतात, धाप लागते, लघवी गडद होते. रश्शातले मीठ आणि तिखट हे आणखी वेगळे. म्हणून डाळ शिजली की फोडणी देण्याआधी वाटीभर बाजूला ठेवा. मटण-कोंबडी उकडली की मसाल्यात टाकण्याआधी त्याचे तुकडे काढा. वेगळा स्वयंपाक लागत नाही, वेगळी वाटी लागते.

आपल्या भागात दुसरा धोका द्राक्षे आणि बेदाण्याचा. तासगाव, कवठेमहांकाळकडे बेदाण्याच्या शेडवर आपल्या किती तरी बायका कामाला जातात. येताना ओंजळभर माल घरी येतो आणि लेकरे कौतुकाने कुत्र्याला चारतात. द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याचे मूत्रपिंड बंद पाडू शकतात. त्यातल्या टार्टारिक आम्लामुळे हे होत असावे असे अलीकडे मानले जाते, आणि ते चिंचेतही असते. एका कुत्र्याला काही होत नाही, दुसरा थोड्यातच जातो. त्यामुळे एकही दाणा द्यायचा नाही. चुकून खाल्ला आणि उलट्या सुरू झाल्या, तर लघवी थांबण्याची वाट न पाहता डॉक्टरकडे न्या.

चॉकलेट नको. गुऱ्हाळावरची काकवी, गूळ, चहात बुडवलेले बिस्कीट, ही रोजची सवय नको. बुरशी आलेली भाकरी आणि कुबट वासाची शेंगदाणा पेंड तर अजिबात नको, त्या बुरशीचे विष यकृतावर जाते. "शिळे आहे, कुत्र्याला टाका" हे वाक्य आपल्या घरातून काढून टाकण्यासारखे आहे. काल रात्रीची चांगली भाकरी आज भिजवून द्यायला हरकत नाही. जी आपण नासली म्हणून खात नाही, ती त्यालाही नासलेलीच असते.

रोजच्या ताटात काय

साधारण २० किलो वजनाच्या, फार न धावणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याला दिवसभरात एवढे पुरते: मध्यम आकाराच्या दोन ज्वारीच्या किंवा बाजरीच्या भाकरी, नाहीतर तेवढाच भात. दीडशे ते दोनशे ग्रॅम उकडलेले बिनहाडाचे मांस. एक उकडलेले अंडे. मूठभर उकडलेला लाल भोपळा, दुधी किंवा गाजर. वरून चमचाभर तेल. हे दोन किंवा तीन वेळांत विभागून द्या. म्हाताऱ्या पोटाला एकदम भरलेले ताट झेपत नाही. कारवानीसारख्या खोल छातीच्या कुत्र्याला जेवणानंतर तासभर तरी पळवू नका, पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो. महिनाभराने वजन उतरलेले दिसले तर वाटा थोडा वाढवा, चढलेले दिसले तर भाकरी कमी करा.

रोज मांस कुठून आणायचे, हा प्रश्न बैठकीत प्रत्येक वेळी येतो. तो बरोबर आहे. ज्या घरात लेकरांना रोज अंडे मिळत नाही, तिथे कुत्र्याला आधी द्या असे आम्ही कधीच म्हणणार नाही. पण मार्ग आहेत. कोंबडीच्या दुकानात पेठे, पाय, मान स्वस्तात मिळतात. ते उकडून हाडे काढून टाका. कलेजी ताकदीची खरी, पण ती आठवड्यातून एकदा-दोनदा, थोडीच. रोज कलेजी दिली तर अ जीवनसत्त्व जास्त होऊन सांधे उलट आखडतात. मांस नसेल त्या दिवशी अंडे आणि बिनफोडणीची घट्ट मूगडाळ द्या. सोयाबीनची वडी मूठभर भिजवून, उकडून, पिळून भाकरीत कुस्करली तरी चालते. सुकट-बोंबील द्यायचे तर दोन-तीन पाण्यांतून धुऊन मीठ उतरवा. बिनमिठाचे ताक किंवा दही बहुतेकांना चालते. दुधाने मात्र म्हाताऱ्या कुत्र्याला हगवण लागू शकते.

भाकरी आणि मांस एवढ्यावरच कुत्रा राहिला तर कॅल्शियम कमी पडते. म्हणून अंड्याची टरफले फेकू नका. धुऊन, उकळून, उन्हात वाळवून मिक्सरमध्ये अगदी पिठासारखी दळा. २० किलोच्या कुत्र्याला रोज अर्धा चमचा पुरतो.

दात गेलेल्या कुत्र्यासाठी भाकरी रश्शात नाही, तर मांस किंवा डाळ उकडलेल्या कोमट पाण्यात भिजवायची. कोमट केल्याने वास सुटतो आणि नाक मंद झालेला कुत्राही खायला येतो. जेवण बदलायचे तर एका दिवसात बदलू नका. आठवडाभर जुन्यात नवे थोडे थोडे वाढवत न्या. पाण्याचे भांडे दोन ठिकाणी ठेवा, कारण दुखऱ्या पायांचा कुत्रा तहान लागूनही उठत नाही.

दुकानातले पाकीट घेतलेच पाहिजे असे नाही. कुणी घेत असेल तर पाकिटावरचा प्रथिनांचा आकडा आणि तारीख पाहावी. सुटे, उघड्या पोत्यातले खाद्य पावसाळ्यात घेऊ नये.

वजडी उकळल्याशिवाय नको

आता नर्स म्हणून सर्वांत महत्त्वाचे. वॉर्डात असताना आम्ही एका बाईच्या यकृतातून शस्त्रक्रियेने काढलेली गाठ पाहिली होती. नारळाएवढी, पाण्याने भरलेली. बाईचा पहिला प्रश्न होता, "हे माझ्या पोटात आलं कुठनं?"

या आजाराला हायडॅटिड म्हणतात. शेळी-मेंढीच्या काळजात किंवा फुप्फुसात कधी कधी पाण्याने भरलेले पांढरे फुगे दिसतात. कापणारा तो भाग कापून कच्चाच कुत्र्यापुढे टाकतो. त्या फुग्यातून कुत्र्याच्या आतड्यात अगदी बारीक चपटे जंत वाढतात, तांदळाच्या दाण्याएवढे किंवा त्याहूनही लहान. कुत्र्याला त्रास काहीच दिसत नाही. पण त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, अंगणात, भाजीवर, पाण्यात जातात, कुत्र्याच्या केसांना चिकटतात. कुत्र्याला कुरवाळून हात न धुता जेवलेल्या लेकराच्या पोटात ती गेली, की काळजात किंवा फुप्फुसात गाठ वाढू लागते. वर्षानुवर्षे ती कळतही नाही. शिजवलेले मटण खाऊन माणसाला हा आजार होत नाही, तो कुत्र्याच्या विष्ठेतल्या अंड्यांमुळे होतो.

उपाय हाताशी आहेत. वजडी, काळीज, फुप्फुस कुत्र्याला द्यायचे असेल तर बारीक तुकडे करून उकळी आल्यानंतर किमान अर्धा तास उकळा. फुगे दिसलेला भाग देऊच नका, तो खोल पुरा किंवा जाळा. जंताचे औषध देताना त्यात प्राझिक्वांटेल आहे का, हे डॉक्टरांना विचारा, कारण साध्या जंताच्या गोळीने हे चपटे जंत जात नाहीत. ते किती दिवसांनी परत द्यायचे, हेही विचारून घ्या. आणि कुत्र्याला हात लावल्यावर साबणाने हात धुण्याची सवय लेकरांना लावा. म्हातारा कुत्रा दिवसभर दारातच पडून असतो आणि लेकरे त्याच्याच अंगावर खेळतात. तरण्या कुत्र्यापेक्षा इथे काळजी जास्त लागते.

हाडे आणि गोळ्या

शिजवलेले हाड कुत्र्याला देऊ नये, वयाने कोणताही असो. शिजलेले हाड ठिसूळ होऊन त्याच्या अणकुचीदार कपच्या निघतात. त्या घशात अडकतात, आतडे फाडतात. म्हाताऱ्या कुत्र्याचे कमजोर दातही त्याने तुटतात.

दुसरी गोष्ट गोळ्यांची. "माझी गुडघ्याची गोळी त्याला अर्धी देऊ का?" असे आम्हाला किती तरी घरांत विचारतात. देऊ नका. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या आपल्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, यकृत किंवा मूत्रपिंड निकामी होऊ शकते. सांधेदुखीवर जनावरांच्या डॉक्टरांकडे वेगळी औषधे आहेत. घरी करण्यासारखे म्हणजे वजन आटोक्यात ठेवणे, फरशीऐवजी जाड पोते अंथरणे आणि सकाळ-संध्याकाळ हळू फिरवणे.

डॉक्टरकडे कधी न्यायचे

पाणी आणि लघवी अचानक वाढली. खाऊनही वजन उतरत आहे. तोंडाला कुजका वास येतो. रात्री खोकला येतो. पोट पाण्याने भरल्यासारखे फुगले. हिरड्या पांढऱ्या दिसतात. यातले एकही दिसले तर जेवणात फेरफार करत बसू नका. पांढऱ्या हिरड्यांचे कारण गोचिडांमुळे येणारा तापही असू शकतो, ते रक्त तपासूनच कळते. तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना जवळ असतो. जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तिथे जनावरांवर उपचार होतात. रेबीजची लस म्हातारपणीही दर वर्षी टोचायचीच. म्हातारा म्हणून ती सोडायची नसते.

मोत्याचे पुढे काय झाले

डॉक्टरांनी मोत्याच्या अंगावरच्या गोचिडांवर औषध दिले, रक्तवाढीचे दिले आणि रस्सा बंद करायला सांगितले. मावशींनी चुलीशेजारी एक जर्मनची वाटी ठेवली. डाळ शिजली की पहिली पळी त्या वाटीत. तीन महिन्यांनी आम्ही परत गेलो तेव्हा मोत्या उभा होता. शेळ्यांमागे तो आता जात नाही, ते काम मावशींनी आणलेले नवे पिल्लू शिकते आहे. पण रात्री पहिला भुंकतो तो मोत्याच. त्यामागून पिल्लू भुंकते. टेम्पोची गोष्ट मुलाने परत काढली नाही. म्हातारा कुत्रा अनोळखी गावात सोडला तर तिथली कुत्री त्याला फाडतात किंवा तो उपाशी मरतो, हे त्यालाही माहीत होतेच.

त्या बैठकीत एका आजींनी आम्हाला टोकले होते, "कुत्र्याला शिळं न्हाई तर काय ताट वाढायचं?" आम्ही त्यांना महाडची आठवण दिली. १९२७ च्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचे मांस आणि शिळे तुकडे सोडायला सांगितले. राबणाऱ्याच्या वाट्याला उरलेले येते, ही रीत काय असते ते आपल्याइतके कुणाला ठाऊक असणार? माणूस आणि कुत्रा सारखे नाहीत, तसे आम्ही म्हणतही नाही. पण जो आपल्या दारात रात्री जागला, त्याला काय द्यायचे हे ठरवण्याची जागा आज आपल्या हातात आहे. सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या आणि जनावरांच्या, अशा दोन्ही उपचारांची सोय केल्याचे कोरून ठेवले. आपल्याला शिलालेख कोरायचा नाही, चुलीशेजारी एक वाटी ठेवायची आहे.

आजी थोडा वेळ गप्प होत्या. मग सुनेला म्हणाल्या, "उद्यापासनं डाळीतली वाटी आधी काढत जा गं."